पॅप फोटोग्राफीत नवीन आहात? कुठे उभं राहायचं, काय काढायचं नाही आणि कॅमेरा कधी खाली घ्यायचा

बांद्रा, खार, जुहू, अंधेरी या पट्ट्यात आजकाल पॅपचं, म्हणजे पापाराझीचं, सेलिब्रिटी दिसले की फोटो काढायचं काम करणारी नवीन पोरं खूप दिसतात. कितीतरी जणांकडे कॅमेराही नसतो, एक बरा फोन, त्याला लावलेला एलईडी लाइट आणि मित्राची दुचाकी, झालं काम सुरू. विरार, डोंबिवली, पनवेल कुठून कुठून येतात, आणि पहिला प्रश्न ठरलेला, "दादा लेन्स कोणती घेऊ?" लेन्सचं सांगतो खाली, पण खरं सांगायचं तर या धंद्यात लेन्स हा सगळ्यात सोपा भाग आहे. माणूस समोर आहे, लाइट मस्त आहे, बाजूचे सगळे धडाधड क्लिक करतायत आणि तरी हा फोटो आपण काढायचा नाही, हे दोन-तीन सेकंदांत ठरवणं अवघड आहे आणि ते कुणी शिकवत नाही, म्हणून हे लिहायला घेतलं.

माझा मुख्य नियम आधीच सांगून टाकतो. ज्या जागेवरून तुम्ही त्या माणसाला दिसत नाही, त्या जागेवरून फोटो काढू नका. लपावं लागत असेल तर तिथेच उत्तर मिळालं. या नियमाने सगळंच सुटतं असं नाही, लहान मुलं, अंत्ययात्रा, गाडीचा पाठलाग हे प्रकार तर उघड्यावरच होतात, त्यांचं वेगळं बोलू. पण बरीच लफडी या एका गोष्टीने टळतात.

पायरी १: कायदा, जेवढा कामाचा तेवढाच

रस्त्यावर, म्हणजे सार्वजनिक जागेत उभं राहून कुणाचा फोटो काढणं हा आपल्याकडे सरसकट गुन्हा नाही, म्हणून तर हा धंदा चालतो. पण पोरं इथेच थांबतात आणि "पब्लिक प्लेस आहे, आपला हक्क आहे" म्हणून वाद घालत बसतात. २४ ऑगस्ट २०१७ ला सुप्रीम कोर्टाच्या ९ न्यायाधीशांनी पुट्टस्वामी केसमध्ये प्रायव्हसी हा मूलभूत हक्क आहे असं सांगितलंय. त्याच्याही आधी, १९९४ च्या राजगोपाल केसमध्ये याच कोर्टाने म्हटलं होतं की माणसाचं स्वतःचं आयुष्य, कुटुंब, लग्न, मूल होणं, मुलांचं शिक्षण या गोष्टींवर त्याच्या संमतीशिवाय काही छापता येत नाही, मग ते खरं असो की खोटं. सार्वजनिक रेकॉर्डवर जे आहे ते वेगळं, आणि जो स्वतःहून वादात उडी घेतो त्याचंही वेगळं. हिरो-हिरोईन आहेत म्हणून हा हक्क जातो असं कुठेही लिहिलेलं नाही.

भारतीय न्याय संहितेतली काही कलमं डोक्यात ठेवा. ७७ म्हणजे बाईला तिच्या खाजगी क्षणी चोरून बघणं किंवा शूट करणं, पहिल्यांदाच सापडलात तरी १ ते ३ वर्षं. १२६ म्हणजे कुणाची वाट अडवणं, आणि गाडीभोवती घोळका करून ती हलूच न देणं यात आरामात बसू शकतं. ३२९ म्हणजे दुसऱ्याच्या जागेत घुसणं, सोसायटीचं कंपाउंड ही दुसऱ्याची जागाच असते, वॉचमन ओळखीचा असला तरी. २८१ बेदरकार गाडी चालवण्याचं, ३५६ बदनामीचं, हे कॅप्शनवाल्यांनी वाचावं. शिवाय आयटी कायद्याचं ६६ई आहे, शरीराच्या खाजगी भागाचे फोटो काढणं किंवा पसरवणं, ३ वर्षांपर्यंत कैद, २ लाखांपर्यंत दंड, आणि हे पुरुष-बाई दोघांनाही लागू. ड्रोन तर विसराच, मुंबईत पोलिसांचे मनाईचे आदेश सारखे निघत असतात.

पायरी २: जागा

एअरपोर्टला टी२ च्या, म्हणजे टर्मिनल २ च्या बाहेर, रेस्टॉरंटच्या दारात, जिमबाहेर, मेहबूब स्टुडिओच्या गेटवर, प्रीमिअरला. यातलं बरंच काही ठरवून असतं हे नवीन पोरांना माहीत नसतं. पीआरवाले ग्रुपवर टाइम टाकतात, गाडी कुठे लागणार तेही येतं, "एअरपोर्ट लुक"चे कपडे कुठल्या ब्रँडचे हे फोटो निघायच्या आधीच तयार असतं. ते नाटक आहे म्हणून नाक मुरडायची गरज नाही, दोन्ही बाजूंना ठाऊक असलेला सौदा आहे आणि माझ्या मते या कामातला सगळ्यात स्वच्छ भाग हाच.

फक्त हे लक्षात ठेवा की तो होकार त्या दहा मिनिटांपुरता असतो. सकाळी टी२ ला हसून पोज दिली म्हणजे रात्री बिल्डिंगखाली थांबायचा पास मिळाला असं होत नाही. फेब्रुवारी २०२३ मध्ये आलिया भट स्वतःच्या घरात बसली होती आणि शेजारच्या बिल्डिंगच्या गच्चीवरून तिचे फोटो काढले गेले. तिने इन्स्टावर लिहिलं, मुंबई पोलिसांना टॅग केलं, इंडस्ट्रीतले सगळे तिच्या बाजूने उभे राहिले आणि शिव्या खाल्ल्या त्या रस्त्यावर रोज नियमाने काम करणाऱ्या पोरांनी पण. आता काही शहाणे म्हणतील की खिडकी उघडी होती, ७७ तर लागत नाही. नसेल लागत, ते वकिलांनी बघावं. पण टेलीलेन्स, म्हणजे लांबचं जवळ दाखवणारी लेन्स घेऊन दुसऱ्याच्या गच्चीवर चढावं लागलं ना? माझा नियम तिथेच लागू झाला.

तर पहिल्या महिन्यात फक्त ठरलेल्या जागा करा. घराखालची ड्युटी घेऊ नका. तुमचे फोटो विकणारा एजन्सीवाला म्हणाला तरी.

पायरी ३: लेन्स, एकदाची

२४-७० मिमी एफ २.८ झूम लेन्स, संपला विषय. दारात, गाडीजवळ, रेड कार्पेटला हीच चालते. ७०-२०० नंतर घ्या, मोठ्या इव्हेंटला बॅरिकेडच्या मागून कामाला येते. त्याच्याही पुढची लांब लेन्स घ्यावीशी वाटली तर स्वतःला विचारा की एवढ्या लांबून नक्की कुणाला काढायचंय आणि का. क्रिकेट शूट करत असाल तर वेगळी गोष्ट.

रात्री फ्लॅश लागतो, शटर १/२०० च्या आसपास, आयएसओ ८०० ते १६००, अॅपर्चर ५.६ धरलं तर दोन माणसं फोकसमध्ये राहतात. पण चालत्या गाडीच्या काचेवर, विशेषतः समोरून, फ्लॅश मारायचा नाही. ड्रायव्हरला क्षणभर काही दिसत नाही आणि त्याच्यासमोर उभी असतात आपलीच पोरं. एलईडी लाइटवाल्यांनाही हेच. एकदम तोंडावर आणून धरता तो लाइट, समोरचा डोळे मिटतो आणि मग व्हिडिओवर लिहिता "अॅटिट्यूड दाखवला".

पायरी ४: अंतर आणि आवाज

अमेरिकेत रॉन गॅलेला नावाचा फोटोग्राफर होता, अध्यक्ष केनेडींची विधवा पत्नी जॅकलिन ओनासिस हिच्या मागे हात धुवून लागलेला. प्रकरण कोर्टात गेलं आणि १९७३ मध्ये अपिलात ठरलं की त्याने तिच्यापासून २५ फूट लांब राहायचं. हॉलिवूडचा नट मार्लन ब्रँडो याने त्याच वर्षी त्याचा जबडा मोडला ते वेगळंच. आपल्याकडे असं फुटात मोजलेलं अंतर नाही, आणि खारच्या गल्लीत २५ फूट मागे सरकलात तर समोरच्या दुकानात जाल. पण हात पुढे केला तर समोरच्याला लागेल इतक्या जवळ जायचं नाही आणि गाडीचं दार उघडायला जागा सोडायची, एवढं जमतं. उलटं चालत शूट करताना मागे एक मित्र ठेवा, एअरपोर्टला ट्रॉली घेऊन येणाऱ्या आजी-आजोबांना आपण कोण, समोरची कोण याच्याशी काही देणंघेणं नसतं, त्यांची फ्लाइट असते.

"सर इधर", "मॅम लेफ्ट", "सोलो सोलो", "वन लास्ट", हा आपला रोजचा गजर. इतपत ठीक. नवऱ्याबद्दल, एक्सबद्दल, वजनाबद्दल काहीतरी टोचणारं ओरडायचं म्हणजे समोरची चिडेल आणि चिडलेला क्लिप जास्त चालेल, हे काही जण मुद्दाम करतात, आणि मला तो फोटोग्राफीचा भागच वाटत नाही. जया बच्चन रागावतात त्याचे व्हिडिओ सगळे चवीने बघतात, पण त्या व्हिडिओत कॅमेऱ्यामागून कोण काय बोललं तेही एकदा आवाज वाढवून ऐका.

नकार कसा ओळखायचा? हात पुढे आला, पाठ फिरवली, तोंडावर टोपी ओढली, मॅनेजर म्हणाला "आज नको", हे सगळे नकारच. त्यासाठी लेखी नोटीस लागत नाही. कॅमेरा खाली घ्यायचा, आणि खाली म्हणजे खरंच खाली, कमरेजवळ धरून रेकॉर्डिंग चालू ठेवणं ही चोरी आहे.

पायरी ५: अँगल

यावर अभिनेत्री स्वतः जाहीरपणे बोलल्यात, मागून झूम करणं, गाडीतून उतरताना खालून शूट करणं. कपडे तिने निवडलेत म्हणून तुम्हाला काहीही फ्रेम करायचा परवाना मिळत नाही. सोपं ठेवा. कॅमेरा छातीच्या उंचीवर किंवा वर, फुल लेंग्थ किंवा कमरेपासून वर, चालत निघून गेली की रेकॉर्डिंग बंद. गाडीतून उतरून दोन पायांवर उभी राहीपर्यंत क्लिक नाही. ड्रेस सरकला, वाऱ्याने उडाला, तर ती फ्रेम एडिटला ठेवायचीच नाही, तिथल्या तिथे उडवायची, कारण ठेवली की रात्री कुणीतरी मागणार आणि तुम्ही देणार.

पायरी ६: लहान मुलं, इथे सगळ्यात जास्त वेळ द्या

सैफ-करीनाच्या मोठ्या मुलापासून आपल्याकडे हा बाजार सुरू झाला असं म्हणायला हरकत नाही. २०१६ च्या डिसेंबरमध्ये जन्म, आणि वर्ष-दोन वर्षांत तो देशात सगळ्यात जास्त फोटो निघणारं मूल झाला असेल. एका फोटोला दीड हजार मिळतात असं त्याच्या बापानेच एका शोमध्ये सांगितलं होतं. त्याच्या नॅनीचे सुद्धा फोटो छापून यायचे, तिच्या पगाराच्या बातम्या यायच्या. ती बाई नोकरी करत होती हो. सेलिब्रिटीसोबत चालणारे ड्रायव्हर, नॅनी, शाळेतले मित्र, "मिस्ट्री मॅन" म्हणून ज्याचा चेहरा तुम्ही गोल करून टाकता तो, यातल्या कुणीच फेमस व्हायचा अर्ज भरलेला नसतो. फ्रेममधून कापता आलं तर कापा, नाहीतर ब्लर करा.

मग हळूहळू आईबापांनीच रेषा आखायला सुरुवात केली. जानेवारी २०२१ मध्ये मुलगी झाल्यावर विराट-अनुष्काने पॅप्सना भेटवस्तू आणि चिठ्ठी पाठवली, मुलीचे फोटो काढू नका म्हणून, आणि मुंबईतल्या बहुतेकांनी ते पाळलं. गंमत बघा, वर्षभराने तिचा चेहरा बाहेर आला तो पॅपमुळे नाहीच, केपटाऊनच्या वनडेत मॅच दाखवणाऱ्या कॅमेऱ्याने स्टँडमध्ये झूम केलं आणि स्क्रीनशॉट सगळीकडे फिरले. दीपिका-रणवीरने डिसेंबर २०२४ मध्ये पॅप्सना बोलावून मुलीला भेटवलं, फोटो नाही एवढीच अट. आलिया-रणबीरने आधी २०२३ च्या ख्रिसमसला मुलीला स्वतःच कॅमेऱ्यासमोर आणलं होतं, पण मार्च २०२५ मध्ये त्यांनीही सांगितलं की आता तिचे फोटो नकोत. मधल्या काळात काय झालं होतं ते सगळ्यांना माहितीये, १६ जानेवारी २०२५ च्या पहाटे सैफवर त्याच्या बांद्र्याच्या घरात शिरून चाकूने वार झाले. त्यानंतर मुलांच्या फोटोंबाबत सैफ-करीनाकडूनही विनंती आली. होकार परत घेता येतो हे इथून शिका. काल हो म्हटलं होतं, हा युक्तिवाद चालत नाही.

आता रितेश-जेनेलियाची पोरं. कॅमेरा दिसला की हात जोडून नमस्कार करतात, आणि खाली आपल्या लोकांच्या कमेंट्स, "याला म्हणतात संस्कार", "महाराष्ट्राची शान". मलाही आवडतात ते व्हिडिओ, खोटं कशाला बोलू. पण नमस्कार गोड आहे म्हणून तो व्हिडिओ लहान मुलांचा नसतो असं होत नाही ना. तिथे आईबाप शेजारी असतात, त्यांनी अडवलं नाही म्हणून चालतं, उद्या ते नको म्हणाले की तो नमस्कारही बंद, एवढी तयारी ठेवायची.

प्रत्यक्षात करायचं असं. आईबाप सोबत असतील तर आधी त्यांच्याकडे बघा, मानेने विचारा, नाही म्हणाले तर विषय संपला. आईबाप सोबत नसतील, म्हणजे फक्त नॅनी किंवा ड्रायव्हर असेल, तर फोटो नाहीच. शाळेचं गेट, ट्यूशन, पार्कातला खेळ, बर्थडे पार्टीला येणारी इतरांची मुलं, नाही, नाही आणि नाही. आईबापांचा फोटो घेताना मूल कडेवर असेल आणि चेहरा दाखवू नका असं सांगितलेलं असेल तर चेहरा झाकायचा, हार्ट इमोजी चालतो. पण लोक इथे एक घोळ घालतात, पोस्ट इमोजी लावून करतात आणि एजन्सीला मूळ फाइल तशीच पाठवतात, मग ती तिसऱ्याच पेजवर चेहऱ्यासकट येते. झाकलेलीच फाइल पाठवा आणि मूळ उडवा.

कॅलिफोर्नियाने २०१३ मध्ये याच कारणासाठी कायदा कडक केला, हॉलिवूडच्या अभिनेत्री हॅली बेरी आणि जेनिफर गार्नर स्वतः जाऊन बोलल्या होत्या. आपल्याकडे असा वेगळा कायदा नाही, म्हणून जबाबदारी आपोआप कॅमेरा धरणाऱ्यावर येते.

पायरी ७: गाडीमागे जायचं नाही

दुचाकीवर मागे बसून चालत्या गाडीच्या काचेत शूट करणारी पोरं मी वेस्टर्न एक्सप्रेस हायवेवर बघतो तेव्हा पोटात गोळा येतो. ३१ ऑगस्ट १९९७ ला पॅरिसच्या बोगद्यात डायनाची गाडी आदळली, ड्रायव्हर प्यायलेला होता, वेग भयंकर होता, मागे फोटोग्राफर होते. लंडनच्या चौकशीत २००८ मध्ये ज्युरीने ड्रायव्हरसोबत मागच्या गाड्यांच्या बेदरकारपणालाही जबाबदार धरलं. त्यामुळे "गाडी तर त्याने आपटली" हे म्हणायची सोय कुणी ठेवलेली नाही. गाडी निघाली की शूट संपलं. तिचा नंबर पाठ असेल तर पाठ राहू दे.

पायरी ८: हॉस्पिटल आणि स्मशान

सप्टेंबर २०२१ मध्ये सिद्धार्थ शुक्ला गेला तेव्हा ओशिवऱ्याला जे झालं ते आठवत असेल, गाडीतून उतरायलाही जागा नव्हती, रडणाऱ्या माणसाच्या तोंडासमोर माइक. त्याच्या आदल्या वर्षी सुशांतच्या वेळी तर मृतदेहाचे फोटो फिरले आणि पोलिसांच्या महाराष्ट्र सायबर विभागाला इशारा द्यावा लागला. नोव्हेंबर २०२५ मध्ये धर्मेंद्र आजारी असताना घराबाहेर कॅमेऱ्यांची गर्दी बघून सनी देओलने हात जोडून चार शब्द सुनावले, तुमच्या घरी आईबाप, मुलं नाहीत का, अशा अर्थाचे. मी त्यावर काही उत्तर शोधू शकलो नाही, आणि मला वाटत नाही की आहे.

प्रेस कौन्सिलच्या नियमांतही दुःखाच्या क्षणी फोटोसाठी घुसू नये असं आहे. तो नियम छापील पेपरांसाठी, तुमच्या इन्स्टा पेजला तो बांधत नाही, पण वाचून ठेवायला पैसे पडत नाहीत. काम घ्यावंच लागलं तर रस्त्याच्या पलीकडे उभं राहा, फ्लॅश बंद, आवाज बंद, येणाऱ्यांच्या दोन फ्रेम आणि घरी. "मॅम इधर" इथे कुणी ओरडलं तर त्याला बाजूला घ्या. हॉस्पिटलच्या आतून कुणी स्टाफवाला व्हिडिओ विकायला आला तर घेऊ नका, फुकट दिला तरी घेऊ नका.

पायरी ९: अपलोड

फोटो नीट काढून कॅप्शनमध्ये माती खाणारे खूप आहेत. "प्रेग्नंट आहे का?", सैल कुर्ता घातला म्हणून. "ब्रेकअप कन्फर्म?", एकटी आली म्हणून. जे दिसलं तेवढं लिहा, कोण, साधारण कुठल्या भागात. बिल्डिंगचं नाव नाही, गाडीची नंबर प्लेट ब्लर, लोकेशन टॅग बंद. आणि माणूस ती जागा सोडून गेल्यावरच पोस्ट, लाइव्ह नाही, कारण तुमची रील बघून पाच मिनिटांत कोण तिथे पोचेल सांगता येत नाही. कमेंट्समधली घाण साफ करणं हेही तुमचंच काम आहे, पेज तुमचं आहे.

पायरी १०: पैसे आणि हक्क

१९५७ च्या कॉपीराइट कायद्याने फोटोचा पहिला मालक फोटोग्राफर असतो, पण पगारावर असाल तर उलट करार नसेल तेव्हा मालक एजन्सी. फ्रीलान्स असाल तर हे पहिल्या दिवशी लिहून घ्या, व्हॉट्सअॅपवर का होईना.

कॉपीराइट तुमचा म्हणजे काहीही विकता येतं असं मात्र नाही. एखादा ज्वेलर म्हणेल, ती हिरोईन आमच्यासारखे झुमके घालून गेली तो फोटो द्या, होर्डिंगला लावतो. देऊ नका. २०१२ मध्ये दिल्ली हायकोर्टाने अमिताभ-जया बच्चन यांचा फोटो होर्डिंगवर परस्पर वापरणाऱ्या एका ज्वेलरला रोखलं होतं, आणि आता तर अमिताभ, अनिल कपूर, जॅकी श्रॉफ सगळ्यांनी कोर्टातून आपल्या नावाचं, चेहऱ्याचं संरक्षण घेतलंय. बातमी किंवा मनोरंजनाच्या पेजला फोटो देणं वेगळं आणि जाहिरातीला देणं वेगळं.

पायरी ११: "हा फोटो काढून टाका" असा फोन आला तर

येणारच. आधी वाद घालू नका, कोण बोलतंय ते खात्री करा, कारण खोटे मॅनेजरही असतात. मूल, घर, आजारपण, शरीर यापैकी काही असेल तर लगेच काढा, कारण विचारू नका. बाकी बाबतीत, म्हणजे फोटोत चांगली दिसत नाहीये वगैरे, तुमची मर्जी, मी बहुतेक वेळा काढतो, संबंध टिकतात. राजकारणी किंवा मोठा माणूस काहीतरी चुकीचं करताना खरंच सापडला असेल आणि त्यात लोकांचा संबंध असेल तर मात्र फोन आला म्हणून काढायचं नाही, ते काम पॅपचं नाही, बातमीदाराचं आहे, तो फोटो एखाद्या संपादकाकडे न्या आणि मग त्याच्या सल्ल्याने चाला.

काढला की ज्या ज्या पेजला, एजन्सीला दिला होता त्यांनाही त्याच वेळी कळवा आणि फोनमधल्या "रिसेंटली डिलीटेड"मधूनही उडवा, तिथे तो पुढचे बरेच दिवस पडून असतो.